माझ्या रक्ताची काच

डॉक्टरीण माणसाचा चेहरा नंतर बघायची, आधी हात बघायची. कारखान्यात नवी मुलगी कामाला आली की बाकीच्या बायका तिला गाव कुठलं, आडनाव काय, लग्न झालंय का, हे विचारायच्या. डॉक्टरीण तिचा हात हातात घ्यायची, कोपराच्या आतल्या बाजूला अंगठ्याने हलकं दाबायची आणि म्हणायची, "छान आहे गं तुझी नस. दोरीसारखी." ती मुलगी बावचळून हात मागे घ्यायची आणि आम्ही सगळ्या हसायचो. चहावाला, मीटर बघायला येणारा माणूस, धुलाईचा माल आणणारा टेम्पोवाला, कुणी सुटलं नाही. टेम्पोवाल्याच्या नसा तर तिला इतक्या आवडायच्या की तो जिना चढून आला की ती मला कोपराने ढोसायची. "बघ बघ. डोळे मिटून सापडतील."

ती डॉक्टर नव्हती. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये, बाजाराच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आमचा जीन्सचा कारखाना होता. तिथे ती चेकिंगची सुपरवायझर होती. पॅन्ट शिवून, धुऊन आली की तिचे लोंबते धागे कापायचे, शिलाई तपासायची, कुठे खोट असेल तिथे बाणाचं स्टिकर लावायचं आणि तो पीस दुरुस्तीला परत पाठवायचा, हे तिचं काम. तिच्या हाताखाली आम्ही सात बायका होतो. माझं टेबल तिच्या टेबलाला लागून होतं. मी पॅकिंग करायचे, पिशव्यांवर साइझचे आकडे लिहायचे. मी अंबरनाथ पूर्वेहून यायचे, ती बदलापूरहून. ती बेचाळीस वर्षांची होती, मी तेहतीसची. आम्ही सगळ्या तिला ताई म्हणायचो. डॉक्टरीण हे नाव पाठीमागचं होतं, पण ते तिला माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

बारावी सायन्सला तिला चांगले मार्क होते. रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये काम करायचं, हे तिने तेव्हाच ठरवलं होतं. मग लग्न झालं. पुढे नऊ-दहा वर्षांपूर्वी नवरा गेला. घरात ती आणि सासू अशा दोघीच उरल्या आणि ती जीन्सच्या कामाला लागली. चाळिशी ओलांडल्यावर तिने लॅब टेक्निशियनच्या कोर्सला नाव घातलं. क्लास उल्हासनगरमध्येच होता, सकाळी सात ते नऊ. साडेनऊला आमचा कारखाना उघडायचा. सहाच्या आधी ती बदलापूरचं घर सोडायची. सेठला यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्हा बायकांना ठाऊक होतं, आणि आम्ही ते सांभाळून ठेवलं होतं.

मी एकदा तिला विचारलं होतं, एवढी बरी नोकरी असताना हा उपद्व्याप कशाला? ती म्हणाली, "आपल्या आधीच्या चेकिंगवाल्या मावशींचं काय झालं, आठवतंय ना? डोळे अधू झाले. दोन लॉटमध्ये खोट सुटली. तिसऱ्या दिवशी घरी. माझेही डोळे आता दोरा ओवताना अडतात." मी म्हटलं, "ताई, अगं पण तिथेही मायक्रोस्कोपमध्येच डोळे घालायचेत ना?" त्यावर ती खूप हसली. "तिथे मशीन मोठं करून दाखवतं गं. इथे सेठ मोठ्याने ओरडून दाखवतो." मग जरा थांबून म्हणाली, "मी काही लगेच पळून जात नाहीये. आहे त्या घरातच बसलेय. फक्त दुसऱ्या दाराची कडी काढून ठेवतेय."

तिचा अभ्यास कामातच चालायचा. पॅन्ट हातात आली की बोटं ठरलेल्या क्रमाने फिरायची, खिसा, चेन, बटण, लूप, शिक्का. त्याच तालावर तोंडाने चालायचं, न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे हे पाच प्रकार आम्हा सातही बायकांना पाठ झाले होते. बिहारकडची एक कारागीर बाई तर 'बेसोफिल'ला तिच्या गावाकडच्या चालीत घोळून म्हणायची. निरोगी माणसाच्या रक्तात काय किती असावं, ते आकडे ताईने साइझच्या स्टिकरांच्या मागे लिहून आपल्या टेबलाच्या खणात आतून चिकटवले होते. खण उघडला की एकीकडे कात्र्या आणि खडू, दुसरीकडे हिमोग्लोबिन.

पण कामात तिने कधी काटछाट केली नाही. एकदा शनिवारी क्लासला जादा प्रॅक्टिकल होतं आणि इकडे मोठा लॉट त्याच दिवशी जायचा होता. मी म्हटलं, "पोट दुखतंय सांग आणि जा. मी बघते." ती म्हणाली, "अजून सेठकडे कामाला आहे ना, मग आजचा दिवस सेठचा." लॉट गेला. संध्याकाळी आम्ही दोघी जिना उतरलो. खाली आल्यावर ती एवढंच म्हणाली, "आज त्यांनी कोंबडीचं रक्त आणलं होतं दाखवायला."

सुई टोचायचा सराव करायला तिने एक हात केला होता. जीन्सच्या चिंध्या कोपरापासून मनगटापर्यंत गुंडाळून शिवल्या, आत सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घातली आणि नळीत लाल रंगाचं पाणी भरलं. जेवणाच्या सुट्टीत ती त्या निळ्या हातात सुई घालायची. पाणी सिरिंजमध्ये आलं की स्वतःशीच मान डोलवायची. जीन्सचा तो जाड कपडा टोचून टोचून तिचा हात इतका बसला होता की क्लासच्या मॅडम म्हणाल्या, तुमची सुई लोण्यात जाते. हे सांगताना ती लाजली होती. त्याच मॅडम तिच्या नखांवरून मात्र रागवायच्या. कच्च्या रंगाचा माल असला की आमची बोटं निळी व्हायची. पेशंट घाबरेल, म्हणायच्या. मग ताई रोज घरी जाऊन लिंबाच्या सालीने नखं घासायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निळी करायची.

एका रविवारी मी तिच्या बदलापूरच्या घरी गणपतीला गेले होते. आलेल्या बायकांना सासूबाई प्रसाद द्यायच्या आणि एकेकीला थांबवून सांगायच्या, "माजी सून डाक्टर व्हनार हाय." ताई आतून ओरडली, "आई, डॉक्टर नाही हो, टेक्निशियन!" म्हातारीने तिकडे लक्षच दिलं नाही. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "सकाली पाच वाजता भाकरी मी थापतंय. तिला सांगलंय, तू पुस्तक वाच."

मग ती काच आली.

क्लासमध्ये प्रत्येकीने दोन काचा करून आणायच्या होत्या, एक स्वतःच्या रक्ताची आणि एक दुसऱ्या कुणाच्या. बोटाला बारीक टोचायचं, थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, दुसऱ्या पट्टीने तो पातळ पसरायचा आणि वाळू द्यायचा. ताईने मला विचारलं. मी हो म्हटलं, मला काय, गंमतच वाटत होती. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी जिन्यावर बसलो. तिने हातमोजे घातले, नवीन सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडलं, बोट पुसलं. मला टोचल्याचं कळलंसुद्धा नाही. तिने काच उजेडाकडे धरली आणि म्हणाली, "जिभेच्या आकाराची आली बघ. अशीच यायला पाहिजे." मला तेव्हा वाटलं, हिला खरंच हे येतं.

पुढचं मला नंतर कळलं. शनिवारी तिने माझी काच रंगवली आणि मायक्रोस्कोपखाली शंभर पेशी मोजल्या. हिशेब बसेना. पुन्हा मोजल्या. तिसऱ्यांदा मोजल्या. मॅडम म्हणाल्या, "तुमचं मोजायला चुकतंय. उठा, मी बघते." मॅडमनी डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग हळूच विचारलं, "ही काच कुणाची? तुमची?"

"नाही. कारखान्यातल्या मैत्रिणीची."

"त्यांना लगेच पूर्ण तपासणी करायला सांगा. सोमवारी नको, उद्याच सांगा."

पांढऱ्या पेशी खूपच होत्या, आणि रक्तात दिसू नयेत अशा कच्च्या पेशीही होत्या.

रविवारी तिने फोन केला तेव्हा मी पाहुण्यांत होते, उचलला नाही. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिने मला पुन्हा त्याच जिन्यावर नेलं आणि सांगितलं. घाबरवणारा एकही शब्द तिने वापरला नाही. "एक साधी तपासणी करून घे. कदाचित माझंच चुकलं असेल. पण करून घे."

मी काय म्हणाले ते मला आजही शब्दन्शब्द आठवतं. मी म्हणाले, "पास तरी झालीस का अजून? स्वतःचा अभ्यास पक्का नाही आणि माझ्या जिवावर कसली प्रॅक्टिस करतेस?"

खरं तर तोवर तीन-चार महिने मला लवकर थकवा येत होता. वजन उतरलं होतं. शेजारणी म्हणायच्या, बारीक झालीस, छान दिसतेस, आणि मी खुशीत होते. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटायचं. तिने सांगितल्याबरोबर हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर ओळीने उभं राहिलं. म्हणूनच मला इतका राग आला. माझी मुलगी तेव्हा चौथीत होती.

मी ताईशी बोलणं सोडलं. ती रोज माझ्या डब्याखाली एक चिठ्ठी ठेवायची. त्यात लॅबचा पत्ता, उपाशीपोटी जायची गरज नाही, मी सोबत येते, असं काहीबाही असायचं. मी ती न वाचल्यासारखी करून चुरगळायचे. घरी एका शब्दाने बोलले नाही. असा आठवडा गेला. पुढच्या रविवारी दार वाजलं. बघते तर ताई. मी आतल्या खोलीत गेले आणि तिथेच उभी राहिले. तिने बाहेर बसून माझ्या नवऱ्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, काच, मोजणी, मॅडम. मी भिंतीआडून ऐकत होते. शेवटी ती म्हणाली, "भाऊ, ती माझ्यावर चिडलीये. चिडू दे. पण तिला न्या."

त्या संध्याकाळी नवरा रडला. मी त्याला लग्नानंतर कधी रडताना बघितलं नव्हतं. माझा सगळा राग जाऊन त्या बाईवर बसला. माझ्या घरात हे तिने आणलं, असंच मला वाटत होतं. जणू रक्त माझं नव्हतंच, तिनेच कुठून तरी आणून त्या काचेवर ठेवलं होतं.

सोमवारी सकाळी ताई यायच्या आधी मी सेठच्या केबिनमध्ये गेले.

सेठ साठीचा होता. आवाज मोठा, पण मनाचा फार वाईट नव्हता. त्या वर्षी ऐन सीझनमध्ये त्याचा कटिंग मास्तर न सांगता दुसरीकडे गेला होता आणि तो घाव अजून ताजा होता. मला ते माहीत होतं. मी म्हणाले, "सेठ, ताई रोज सुबह क्लास में जाती है. परीक्षा होते ही ये नोकरी छोडनेवाली है. और इधर कारखाने में लोगों का खून निकालती है." इतकंच. दोन मिनिटंही लागली नसतील. बाहेर येऊन मी पॅकिंगच्या टेबलाला लागले.

दुपारी सेठची बायको नेहमीप्रमाणे त्याचा डबा घेऊन आली. तिला आम्ही भाभी म्हणायचो. ती केबिनमध्ये बसली असतानाच सेठने ताईला बोलावलं. केबिनला काचेचं दार होतं, तेही उघडंच. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"बाई, तू पढने को जाती है?"

"हां सेठ. कामाच्या टाइमात नाही. पहले जाती हूं."

"और मेरे को छोडके जानेवाली थी?"

"अभी नहीं, सेठ. एक साल बाकी है. जायच्या आधी तीन महिने तुम्हाला सांगणार होते. नवीन बाईला शिकवूनच जाणार होते."

"सब ऐसाच बोलता है." मग त्याचा आवाज चढला. "और ये खून का क्या धंदा है? मेरे कारखाने में? किसका खून निकाला?"

ताईने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मैं पूछता हूं, किसका निकाला?"

"नाम नहीं बताऊंगी, सेठ."

भाभी मान खाली घालून डब्याचं झाकण बोटांनी फिरवत होती. मी पॅकिंगच्या टेबलापाशी उभी होते. हातात छत्तीस साइझची पॅन्ट होती. ताई मला वाचवत होती. माझं दुखणं चारचौघांत होऊ नये म्हणून ती तोंड मिटून उभी होती. एक शब्द बोलून मी तिला सोडवू शकले असते. मी पॅन्टची घडी घातली, पिशवीत भरली आणि वर छत्तीस लिहिलं.

सेठने तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. ती बाहेर आली, खणातून आपला चष्मा आणि तो चिंध्यांचा हात काढून पिशवीत ठेवला. इतर बायका रडायला लागल्या होत्या. जाताना ती माझ्यापाशी थांबली आणि अगदी हळू म्हणाली, "बुधवारी लॅबमध्ये जा. मॅडमनी बोलून ठेवलंय."

बुधवारी नवऱ्याने मला नेलं. पुढच्या पंधरा दिवसांत सगळ्या तपासण्या झाल्या. रक्ताचा कॅन्सर होता, पण हळू वाढणारा, आणि फार लवकर सापडलेला. रोज एक गोळी घ्यायची, तीन महिन्यांनी रिपोर्ट काढायचा, बाकी आयुष्य नेहमीसारखं जगायचं, असं डॉक्टर म्हणाले. मग फाइल बघत त्यांनी विचारलं, "तुम्हाला तर काही विशेष त्रास नव्हता. मग हे लक्षात कुणाच्या आलं?" नवरा म्हणाला, "हिच्या कारखान्यातल्या ताईंच्या." डॉक्टर म्हणाले, "त्यांना माझा नमस्कार सांगा."

तो नमस्कार नवऱ्याने फोनवर सांगितला. मी शेजारीच बसले होते. पलीकडून ताईचा आवाज येत होता. "झालं ना? बरं झालं. रिपोर्ट आला की मला फोटो पाठवायला सांगा तिला." नवऱ्याने फोन माझ्यापुढे धरला. मी मानेने नको म्हटलं. त्याला वाटलं, मला रडू येईल म्हणून. त्याला अजूनही तेच वाटतं.

सेठने चेकिंगची सुपरवायझर मला केलं.

आता मी ताईच्या स्टुलावर बसायचे. पहिल्या दिवशी कात्रीसाठी खण उघडला तर आतून सगळे स्टिकर तसेच. तिचं बारीक, सरळ अक्षर. पांढऱ्या पेशी, चार हजार ते अकरा हजार. तोवर माझा आकडा मला पाठ झाला होता, तो याच्या कितीतरी पट होता. मी नखाने एक स्टिकर खरवडून बघितला. निघाला नाही. मग मी कात्री टेबलावरच ठेवायला लागले, खण उघडायचाच नाही म्हणून. पण हाताखालच्या बायका पॅन्ट तपासताना सवयीने पुटपुटायच्या. न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट. एकीने म्हणायला सुरुवात केली की दुसरी धरायची. मी गप्प करायचे, आणि जरा वेळाने माझ्याच तोंडातून यायचं. भर दुपारी, शिलाईच्या चाळीस मशीन चालू असताना मला स्पष्ट वाटायचं की मागे कुणीतरी माझ्या हाताकडे बघत उभं आहे. मी मागे वळायचे. कुणी नसायचं. आठ महिने काढले आणि तब्येतीचं कारण सांगून ती नोकरी सोडली. गोळ्यांनी तब्येत तर सुधारत होती.

पाच वर्षं गेली. मुलगी नववीत गेली. या पाच वर्षांत मी ताईला एकदाही फोन केला नाही. बदलापूरला कुणाकडे जायची वेळ आली तर मी नवऱ्याला पुढे करायचे. रिक्षात शेजारी चष्मा लावलेली सावळी, उंच बाई बसली तरी मी तोंड दुसरीकडे फिरवायचे. रोज सकाळी गोळी हातात घेतली की मला ती केबिन दिसायची, "नाम नहीं बताऊंगी" ऐकू यायचं. ती गोळी मी देवासमोर उभी राहून घेत नाही. मला तिथे उभं राहवत नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात, रविवारी सकाळी, अंबरनाथ पूर्वेच्या भाजीबाजारात ती माझ्यासमोर उभी राहिली. मेथीची जुडी हातात होती, केस बरेच पांढरे झाले होते. मी वळणार, तेवढ्यात तिने हाक मारली. "रेखा! अगं, थांब की." आणि माझा दंड धरून मला उजेडाकडे वळवलं, डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघितली. "रंग चांगला आहे. गोळ्या वेळेवर घेतेस ना?"

आम्ही कोपऱ्यावरच्या रसवंतीत बसलो. ती अंबरनाथच्या एका पॅकिंगच्या कंपनीत होती. आता पगार बरा होता, पाळ्या बदलत्या होत्या. मी विचारलं, "आणि परीक्षा?"

"त्या वर्षी राहिली," ती म्हणाली. "नवीन नोकरीत पहिली पाळी सातची. क्लासही सातचा. म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. मग राहिलंच." ती हसली. "मॅडमचा दोनदा फोन आला होता. माझं मीच टाळलं. आता सत्तेचाळीस झाली, आता मला कोण घेतंय लॅबमध्ये."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिने तक्रार केली असती तर कदाचित मला बोलता आलं नसतं. मी रसाचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "ताई, सेठला मी सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतंस?"

"तुझ्या क्लासचं. रक्ताचं. त्या दिवशी सकाळी, तू यायच्या आधी. मीच."

ती माझ्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर राग आला नाही. काहीतरी आठवून तपासत असावी, तशी दिसत होती. रसवंतीचा माणूस चरकात ऊस घालत होता. तिचा ग्लास भरलेलाच होता.

"मला वाटलं, भाभीने सांगितलं," ती म्हणाली. "त्या दिवशी आत तीच बसली होती. माझ्या नजरेला नजर देत नव्हती. म्हटलं, हिनेच."

मी मान हलवून नाही म्हटलं.

"पाच वर्षं शिव्या दिल्या गं मी त्या बाईला. सकाळी दिवा लावतानासुद्धा. दिवाळीच्या आधी ती गेली ना, त्या बिहारवालीने फोन करून सांगितलं मला. मला बरं वाटलं, रेखा. खरंच बरं वाटलं. मी त्या दिवशी शिरा केला घरी. सासूबाईंनी विचारलं, आज काय आहे गं? मी म्हटलं, काही नाही, असंच." तिने ग्लास दूर सारला. "आता ते मी कुठे ठेवू?"

मी तिच्या हातावर हात ठेवायला गेले. तिने हात हळूच काढून घेतला, झटकला नाही. मेथीची जुडी पिशवीत घातली, पदर सारखा केला आणि उठली. मी म्हणाले, "ताई, बोल काहीतरी. मार मला." ती म्हणाली, "माझी भाजी राहिलीये घ्यायची." आणि बाजाराच्या गर्दीत गेली. मी तिथेच बसून राहिले. माफी मागायचं मी पाच वर्षं ठरवत होते, आणि ती मागायची राहूनच गेली होती.

मी नंतर फोन केले. रिंग वाजते, ती उचलत नाही. एकदा तिच्या घरी गेले. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, सासूबाई गेल्या, ताई पाळीवर असेल. मी पुन्हा गेले नाही.

मग त्या तिमाहीचा रिपोर्ट आला. ती तेव्हा म्हणाली होती, फोटो पाठवायला सांगा. इतक्या वर्षांत मी एकही पाठवला नव्हता. मी फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर पाठवला, खाली एक शब्दही लिहिला नाही. काय लिहिणार? तिने बघितल्याची खूण दिसली. उत्तर आलं नाही. पुढच्या तिमाहीला पुन्हा पाठवला. पुन्हा खूण, पुन्हा काही नाही. मला वाटलं, आपण हे थांबवायला हवं, हा तिला त्रासच आहे. तरी तिसऱ्या वेळी पाठवला.

त्या दुपारी मी कपडे वाळत घालत होते. फोन वाजला. तिचाच मेसेज होता.

"प्लेटलेट मागच्या दोन्ही वेळेपेक्षा कमी आहेत. गोळीमुळे होतं असं. डॉक्टरांना दाखव, वाट बघू नकोस."

त्याखाली दुसरं काही नव्हतं. मी तिन्ही रिपोर्ट काढून शेजारी शेजारी ठेवले. खरंच, आकडा दर वेळी थोडा थोडा उतरत आला होता. मी बघितलं नव्हतं, नवऱ्याने बघितलं नव्हतं. ती तिन्ही वेळा नीट वाचत होती.

ओले कपडे बादलीत तसेच ठेवून मी डॉक्टरांकडे गेले.